हिरव्या कळंकाचं रसायन: जुन्या तांब्याला जपणारं करिअर

संग्रहालयातल्या तांब्याच्या किंवा काशाच्या जुन्या मूर्तीवर हिरवा रंग दिसला की आपण कौतुकानं म्हणतो, किती जुनी आहे! पण हिरव्या-हिरव्यातही फरक असतो. एक हिरवा घट्ट आणि गुळगुळीत, बोटाला न लागणारा. तो धातूच्या अंगावर शतकानुशतकं बसलेला असतो आणि आतल्या धातूला सांभाळतो. दुसरा फिकट, पोपटी, भुरभुरीत. मूर्तीच्या कोपरात किंवा दागिन्याच्या खाचेत तो टिकलीएवढा उगवतो, सुईचं टोक लावलं की गळतो आणि खाली बारीकसा खड्डा उघडा पडतो. पहिल्याला उगाच हात लावायचा नाही, दुसऱ्याला मात्र थारा द्यायचा नाही. कोणता हिरवा कोणता, हे पुराव्यानिशी सांगणं हे संवर्धन-शास्त्रज्ञाचं काम. विज्ञान आवडतं पण इतिहासही सुटत नाही, अशा मुलामुलींसाठी हा लेख आहे. "ते सगळं ठीक, पण यात पोट भरेल का?" असं विचारणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

तांब्याचा आजार

दुसऱ्या प्रकारच्या हिरव्याला जगभरचे संवर्धक 'ब्राँझ डिसीज' म्हणतात. नावात आजार असला तरी जंतूंचा इथे काही संबंध नाही, सगळा खेळ क्लोराइडचा. वस्तू शेकडो वर्षं खारट मातीत पडून राहते तेव्हा क्लोराइड आत शिरतं आणि धातूला लागून क्युप्रस क्लोराइडचा थर बसतो. जमिनीत तो निपचित असतो. उत्खननात वस्तू वर येते, हवा आणि ओल लागते, आणि त्याचं फिकट हिरवं संयुग बनू लागतं. सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. हे आम्ल उरलेलं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड तयार होतं आणि चक्र चालू राहतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो यांनी हे चक्र १८९० च्या दशकात मांडलं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ टक्क्यांच्या खाली ठेवली तर ते थंडावतं. मुंबईत पावसाळ्यात हीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे कोकणपट्टीतल्या कुठल्याही संग्रहासाठी हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये नव्यानं उभा राहतो.

आपल्या देशात या कामाला चांगली शंभर वर्षांची परंपरा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं १९१७ साली मोहम्मद सना उल्लाह यांना पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ म्हणून नेमलं. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात दक्षिणेतल्या कांस्यमूर्तींचा मोठा ठेवा आहे. त्यांतल्या आजारी मूर्तींवर उपचार करण्यासाठी तिथे १९३० मध्ये रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तिथले डॉ. एस. परमशिवन विद्युत अपघटनानं मूर्तींमधलं क्लोराइड बाहेर काढत. पुढे त्यांनीच अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचं तंत्रही अभ्यासलं. एकदा रसायनशास्त्र पक्कं असलं की मूर्तीवरून भिंतीवर जाता येतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कळंकात काय काय दडतं?

घरी तांब्याची कळशी काळवंडली की आपण चिंच लावून लखलखीत करतो. प्राचीन वस्तूच्या बाबतीत हा सगळ्यात मोठा अपराध. त्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग, त्यावरची नक्षी, हत्याराच्या खुणा या पुष्कळदा धातूवर उरलेल्याच नसतात, त्या कळंकाच्या थरात असतात. थर खरवडला की माहिती गेली. याच कारणानं संपूर्ण थर उतरवणाऱ्या जुन्या पद्धती आता फार जपून वापरल्या जातात.

याचं आपल्याकडचं सुरेख उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशाचं. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याचे मणी सापडले आणि मण्यांच्या आत ओवलेल्या धाग्याचे अवशेष टिकून होते. आपल्या हवामानात सूत तीन हजार वर्षं टिकत नाही. इथे टिकलं, कारण तांब्याच्या क्षारांपुढे सूक्ष्मजीवांचं काही चालत नाही. ए. एन. गुलाटी यांनी हे धागे तपासले तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम ओळखता आलं. कोणी उत्साहानं ते मणी घासूनपुसून चकचकीत केले असते, तर भारतातल्या रेशमाच्या इतिहासातला हा पुरावा कचऱ्यात गेला असता.

दुसरं उदाहरण त्याच जिल्ह्यातल्या दायमाबादचं. १९७४ मध्ये तिथे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ अशा चार भरीव वस्तू सापडल्या. एकूण वजन साठ किलोच्या आसपास. बहुतेक अभ्यासकांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या. धातूच्या विश्लेषणात मात्र आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघालं. आपल्या ताम्रपाषाणकालीन इतर वस्तूंशी हे जुळत नाही, म्हणून डी. पी. अग्रवाल यांनी त्या काळाबद्दल शंका घेतली. इतिहासाचा वाद प्रयोगशाळेत कसा पोचतो, ते यातून कळतं.

रोजचं काम कसं असतं?

एक तांब्याची वाटी टेबलावर आली असं समजा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि नोंद. मग एक्स-रे, म्हणजे पुटांच्या आत धातू किती शिल्लक आहे आणि तडे कुठे आहेत ते कळतं. मग मायक्रोस्कोपखाली थर पाहायचे. एक्सआरएफ यंत्रानं मूलद्रव्यं कळतात, कणभर नमुन्यावर एक्सआरडी केलं की संयुग कळतं: मॅलॅकाइट आहे, क्युप्राइट आहे की क्लोराइडचा आजार. क्लोराइडची साधी तपासणी तर बारावीच्या प्रॅक्टिकलमधलीच आहे. नायट्रिक आम्लात विरघळवलेल्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की पांढरा साका येतो.

त्यानंतर उपचार. भुरभुरीत पूड स्काल्पेलनं कणाकणानं काढायची, गरजेप्रमाणे क्षार काढून टाकायचे, मग बेंझोट्रायाझोलच्या द्रावणात वस्तू ठेवायची. हे रसायन तांब्याशी जोडलं जाऊन संरक्षक थर बनवतं. १९६७ मध्ये डेन्मार्कचे ब्रिंक मॅडसन यांनी ते जुन्या ब्राँझसाठी सुचवलं आणि ते आजही वापरात आहे. ते त्रासदायक असल्यानं हातमोजे आणि धूर ओढणारं कपाट सक्तीचं. शेवटी लॅकरचा पातळ हात आणि सिलिका जेल ठेवलेला कोरडा डबा. एका टिकलीएवढ्या डागावर अख्खा दिवस जाऊ शकतो.

ज्या कपाटात वस्तू ठेवायची तेही तपासावं लागतं, कारण प्लायवूड आणि गोंदातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा धातूला बाधतात. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यासाठी चाचणी सुचवली. आज ती अशी करतात: त्या सामानाचा तुकडा आणि चांदी, शिसं, तांबं यांच्या पट्ट्या ओलसर हवेच्या बंद बाटलीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायच्या. पट्टी डागाळली तर ते कपाट बाद. चाचणी अगदी साधी आहे, पण अठ्ठावीस दिवस थांबण्याची तयारी हवी. उतावळ्या स्वभावाच्या मुलानं हे क्षेत्र निवडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

शिक्षणाचा रस्ता

अकरावीला विज्ञान शाखा आणि रसायनशास्त्र हवंच. त्यापुढे दोन मुख्य वाटा आहेत. पहिली बीएस्सी, एमएस्सी रसायनशास्त्राची. आयआयटीत एमएस्सी करायची तर 'जॅम' परीक्षा द्यावी लागते. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेचं मुख्यालय डेहराडूनला आहे आणि छत्रपती संभाजीनगरलाही तिचं काम चालतं. तिथली पुरातत्त्व रसायनतज्ज्ञांची पदं रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधरांना खुली असतात. दुसरी वाट धातुशास्त्रातल्या अभियांत्रिकी पदवीची. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी आणि आयआयटी मुंबई इथे ती करता येते.

पदवीनंतर संवर्धनाचं खास शिक्षण घ्यायचं. नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये, म्हणजे पूर्वीच्या नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूटमध्ये, संवर्धनात एमए होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८ पासून स्वतंत्र कला संवर्धन केंद्र असून संग्रहालयशास्त्र आणि संवर्धनाचं शिक्षणही तिथे मिळतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा जुना विभाग आहे. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा १९७६ पासून संशोधन आणि प्रशिक्षण देते. परदेशात लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज आणि कार्डिफ विद्यापीठ ही नावं मोठी. पात्रता आणि जागा बदलत असतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षी संस्थेची अधिकृत जाहिरात स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर फी भरू नका.

पालकांचे प्रश्न

नोकऱ्या आहेत का? आहेत, पण थोड्या, हे मोकळेपणानं सांगायला हवं. सरकारी जागांच्या जाहिराती वर्षानुवर्षं लांबतात. अनेक जण सुरुवातीला प्रकल्पावर किंवा कंत्राटावर काम करतात. वारसा जपणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेच्या संवर्धन केंद्रांत, मोठ्या संग्रहालयांत आणि खासगी स्टुडिओंत काम मिळतं, मंदिर संस्थानं आणि खासगी संग्राहकही तज्ज्ञ शोधतात. संशोधनाकडे कल असेल तर सीएसआयआर-नेट देऊन पीएचडी करता येते.

मग भरवशाचं काय? या करिअरचं टोक अरुंद आहे, पाया मात्र रुंद आहे. मूर्तीवरचं क्षरण समजणाऱ्याला पाइपलाइन, जहाज, पूल आणि रिफायनरीतलं क्षरणही समजतं. तिथे या माणसांना बारमाही मागणी आहे. एएमपीपी, म्हणजे पूर्वीची नेस, या संस्थेची क्षरण-तज्ज्ञांसाठीची प्रमाणपत्रं उद्योगात मानली जातात. तमिळनाडूत कारैकुडीला केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्थेत क्षरणावर संशोधन चालतं. उलट दिशेचं उदाहरणही आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीचा लोहस्तंभ का गंजत नाही याचा माग काढला, त्याच्या लोखंडातल्या फॉस्फरसची कामगिरी दाखवून दिली. ते अखेरपर्यंत अभियांत्रिकीचेच प्राध्यापक होते. म्हणजे वारशाचं काम करायला पगाराची नोकरी सोडावीच लागते असं नाही. म्हणून मुलाला विचारायचं ते एवढंच: तुला रसायनशास्त्र खरंच आवडतं की फक्त जुन्या वस्तू बघायला आवडतात? दुसरं उत्तर आलं तर इतिहास किंवा संग्रहालयशास्त्राकडे वळणं शहाणपणाचं.

या सुट्टीत करून पाहा

जवळच्या संग्रहालयात जा. कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या प्राचीन ब्राँझ वस्तू आहेत, त्यात समुद्रदेव पोसायडनची रोमन मूर्ती आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे आणि भांडी मुबलक आहेत. एकच वस्तू निवडा, अर्धा तास तिच्यासमोर उभे राहा आणि रंग, पुटं, खड्डे, जुन्या डागडुजीच्या खुणा वहीत उतरवा. घरी येऊन बारावीच्या पुस्तकातलं विद्युत रसायनशास्त्राचं प्रकरण काढा आणि पाहिलेल्यातलं काय काय त्यातून उलगडतं ते लिहून काढा. हे करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर दिशा बरोबर आहे. अर्ध्या तासातच कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

बारावीत ठरवायचं ते एकच, रसायनशास्त्र सोडायचं नाही. संग्रहालय की रिफायनरी, हा निर्णय पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत खुशाल लांबवा. तोवर एखाद्या संवर्धन प्रयोगशाळेत महिनाभर उमेदवारी करा आणि मग आईवडिलांना सोबत बसवून ठरवा.