लोणचं ऑस्लोला धाडण्याआधी

बाळा, तुझं लोणचं आणि चटण्या ऑस्लोच्या दुकानात जाणार, हे ऐकून ऊर भरून आला. बरणीतल्या मालाची मला काळजी नाही, काळजी आहे ती बरणीवरच्या मजकुराची. इंग्रजीचं नॉर्वेजियन करणारं माणूस शोधताना एवढं ध्यानात ठेव.

१. मातृभाषा नॉर्वेजियन आणि हात खाद्यपदार्थांच्या मजकुरावर बसलेला, असं माणूस बघ — करारनामे सुरेख करणाऱ्याला फोडणी कळेलच असं नाही.

२. लेखी नॉर्वेजियन दोन तऱ्हेची, बुकमोल आणि नीनोर्स्क. कुठली हवी ते आयातदाराला विचारून पहिल्याच पत्रात लिही — बुकमोल जास्त चालते, पण गृहीत धरलेलं महाग पडतं.

३. नमुन्याला तुझ्याच लेबलातले शे-दीडशे शब्द दे आणि त्याचेही पैसे दे — फुकट मागशील तर घाईचं मिळेल.

४. नमुन्यासोबत प्रश्न आले तर कपाळाला आठ्या घालू नकोस, घालतेसच तू — शंकेखोर अनुवादक, निर्धास्त दुकानदार.

५. हिंगात गव्हाचं पीठ असेल तर तेही यादीत लिही — नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, म्हणून गहू, मोहरी, तीळ, शेंगदाणे धरून ॲलर्जीचे १४ प्रकार तिथे ठळक छापावे लागतात.

६. आपल्या पाकिटावर सोडियम असतं, तिथे मीठ लिहितात. सोडियमला २.५ ने गुणून आकडा तूच दे — हिशेब मालकाचा, भाषा अनुवादकाची.

७. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असली वाक्यं इंग्रजीतूनच काढून टाक — आरोग्याचे मंजूर दावेच तिथे चालतात, आणि अनुवादकाने शब्द कितीही मऊ केला तरी कायदा मऊ होत नाही.

८. झालेलं काम दुसऱ्या नॉर्वेजियन माणसाला वाचायला दे — अनुवादाच्या आयएसओ १७१०० मानकातही दुसरी नजर सक्तीची आहे.

९. छपाईआधी मांडणी केलेलं लेबल अनुवादकाला पुन्हा दाखव — नॉर्वेजियनमध्ये तीन अक्षरं जास्तीची आहेत, ती फॉन्टमध्ये नसली की नुसते चौकोन उमटतात.

१०. काम जुलैवर ढकलू नकोस — तिथे तो सुट्ट्यांचा महिना, पत्राचं उत्तर ऑगस्टात येईल.

११. बिल वेळेवर चुकव, ठरलेल्या शब्दांची यादी जपून ठेव आणि पुढची चटणीही त्याच माणसाकडे दे — जुना अनुवादक अर्धा मसाला ओळखूनच बसतो.

हे सगळं कशासाठी, तर तिथल्या एखाद्या घरात मोहरी न सोसणारं पोर असेल. त्याच्या आईला दुकानात उभ्या उभ्या तुझं लेबल वाचून खरं कळलं पाहिजे. चवीचं कौतुक त्यानंतर.