साच्यातून कापलेले शुभेच्छापत्र : वीस ग्रॅमच्या आत
(कॅडेट, इयत्ता दहावी)

आमच्या शाळेतील बऱ्याच कॅडेटचे वडील सैन्यात आहेत. माझेही आहेत. बाबांच्या पोस्टवर फोन रोज लागत नाही, पण टपाल पोहोचते. म्हणून रविवारच्या हॉबी क्लासमध्ये आम्ही शुभेच्छापत्रे करतो. कार्ड सुंदर तर हवेच, पण ते टपालाच्या पिशवीतून न चुरगळता पोहोचले पाहिजे आणि साध्या पत्राच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २० ग्रॅममध्ये बसले पाहिजे. हे दोन्ही कसे साधायचे, ते या लेखात सांगतो.

डाय म्हणजे काय?

डाय म्हणजे धार असलेला साचा. मिठाईचा रिकामा खोका उलगडून पाहा. त्याच्या कडा, खाचा आणि झाकणाची जीभ एकाच दाबात कापलेली असते. ते काम डायचे. घरी आई शंकरपाळी कातणाने एकेक कापते, पण बिस्किटाचा साचा दाबला की प्रत्येक बिस्किट सारखेच निघते. कात्री आणि डाय यांत तोच फरक आहे.

हॉबी रूममधील मशीन हाताने फिरवायचे आहे. त्यात दोन रोलर असतात. खाली प्लॅस्टिकची पाटी, तिच्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय आणि वर दुसरी पाटी, असा थर रोलरमधून जातो. दाबाने धार कागदात उतरते आणि आकार सुटा होतो. इथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा :

१. डाय पाटीवर थोडा तिरका ठेवा. सरळ ठेवला तर लांब कड रोलरखाली एकदम येते आणि हँडल जड जाते.

२. नक्षी बारीक असेल तर कागद आणि डाय यांच्यामध्ये बटर पेपर घाला. तुकडा डायमध्ये अडकत नाही.

३. अडकलाच तर डायच्या मागच्या छिद्रातून टाचणीने ढकला. नखाने ओढू नका, पाकळी फाटते.

कागदाचे वजन : गणिताचा उपयोग

कागदाच्या गठ्ठ्यावर जीएसएम लिहिलेले असते. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. ए४ आकाराचे १६ कागद जोडले तर साधारण एक चौरस मीटर होतो. म्हणून जीएसएमला १६ ने भागले की एका ए४ कागदाचे वजन मिळते. वहीसारखा ८० जीएसएमचा कागद ५ ग्रॅम भरतो.

ए४ कार्डशीटचा अर्धा भाग घेऊन मधोमध दुमडला की १०.५ × १४.८ सेंटिमीटरचे कार्ड होते. आता हिशेब मांडू :

कार्ड (२५० जीएसएम, अर्धा ए४) : ७.८ ग्रॅम
वरचा नक्षीचा कागद (१२० जीएसएम, पाव ए४) : १.९ ग्रॅम
पाकीट (८० जीएसएम) : जास्तीत जास्त ५ ग्रॅम
एक पान पत्र (८० जीएसएम) : ५ ग्रॅम

बेरीज १९.७ ग्रॅम. डिंक आणि तिकीट लावल्यावर काटा २० ला टेकतो. मग पत्र अर्ध्या पानावर आणायचे का? मला ते पटत नाही. बाबा कार्ड एकदा बघतील, पत्र पुन्हा पुन्हा वाचतील. म्हणून मी कार्डशीट २०० जीएसएमची घेतो. तिचा अर्धा भाग ६.३ ग्रॅम भरतो, एकूण वजन १८.२ ग्रॅम होते आणि पूर्ण पान पत्र निर्धास्त बसते.

फुगवटा नको, भरणी करा

बाजारातील कार्डांवर फुले फोमच्या टेपने उचलून चिकटवलेली असतात. दिसायला छान, पण टपालाच्या पिशवीत शंभर पाकिटांखाली ती चेपतात. त्याऐवजी भरणीचे काम करा. इथे डायचा खरा फायदा कळतो.

१. पांढऱ्या १२० जीएसएम कागदातून डायने फूल कापा. आपल्याला फूल नको, भोक पडलेला कागद हवा आहे.

२. तोच डाय वापरून तेवढ्याच जाडीच्या लाल कागदातून फूल कापा.

३. पांढरा कागद कार्डवर चिकटवा आणि लाल फूल त्या भोकात बसवा.

धार एकच असल्यामुळे फूल भोकात नेमके बसते. बोट फिरवले तरी कड लागत नाही. कात्रीने इतकी अचूक जोडी साधणे फार कठीण. पांढरे फूल उरते ते दुसऱ्या, लाल कार्डच्या भोकात घाला. दोन कागदांत दोन कार्डे होतात, काहीच वाया जात नाही.

डिंक बेताने, ठिपक्यांनी लावा. पाण्याच्या डिंकाने पातळ कागद गोळा होतो. वाळेपर्यंत वर भूगोलाचा ॲटलास ठेवा.

दुमडण्यापूर्वी कार्डशीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने सहज वाकते ती तंतूंची दिशा. घडी त्या दिशेने घातली तर कड फुटत नाही. आधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढा, मग दुमडा.

घरासाठी तोरण

फुगवट्याची हौस घरच्या सजावटीत भागवा. ९० सेंटिमीटरच्या दारासाठी दर साडेसात सेंटिमीटरवर एक असे १३ आंब्याचे पान लागते. पान ४ × ९.५ सेंटिमीटरचे घेतले तर एका ए४ मधून १५ निघतात, म्हणजे दोन शिल्लक. प्रत्येक पान मधल्या शिरेवर किंचित दुमडा, म्हणजे उठाव येतो. मधल्या १२ जागी झेंडूसाठी गोल चकत्या तीन-तीन ओवा. सुट्टीत घरी नेताना पाने सपाट ठेवा, दोऱ्यात घरी गेल्यावर ओवा.

मशीन नसेल तर जुन्या प्लॅस्टिक फाइलच्या कव्हरातून आकार कापून घ्या आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून कात्रीने कापा. तोरणाला एवढी अचूकता पुरते. कटर मात्र सर समोर असतानाच वापरायचा, हा नियम सहावीतल्या छोट्यांसाठी जसा आहे तसाच आम्हालाही आहे.

शेवटचे काम : पत्ता

वडील एपीओच्या पत्त्यावर असतील तर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, एपीओ आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड एवढेच लिहा. गावाचे किंवा पोस्टचे नाव माहीत असले तरी पाकिटावर लिहायचे नाही, आणि आतल्या पत्रातही नाही. ती शिस्त आहे, आणि त्यावर आपल्याच माणसांची सुरक्षितता अवलंबून आहे.

कार्डच्या आत छापील ओळी लिहू नका. या आठवड्यात काय घडले ते लिहा : किती गुण पडले, क्रॉस कंट्रीत कितवे आलात, मेसमध्ये काय होते. १८ ग्रॅमच्या पाकिटात हे सगळे मावते.