वणवा आणि जाळरेषा

शिमग्याच्या सुमारास पेण-रोह्याकडून रात्रीं जाणाऱ्यास डोंगराच्या अंगावर आगीची नागमोडी माळ कित्येकदां दिसते. दुरून ती शोभेची वाटते. परंतु त्या ठिकाणीं काय होत असतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो आज करूं.

आपल्या डोंगरांवरील गवत पावसाळ्यांत वाढतें, कार्तिकांत पिकतें व माघ संपतां संपतां कोरडें ठणठणीत होतें. अशा वेळीं विडीचें थोटूक पडलें, राब भाजतांना ठिणगी उडाली, अथवा नवें गवत फुटावें म्हणून कोणी आग लावली, कीं ती वाऱ्याबरोबर चढण चढत जाते. जमिनीवर घरटें करणाऱ्या लावा-तित्तरांचीं अंडीं जळतात, सशाचीं पिलें होरपळतात, झाडांचीं रोपें मरतात. आणि उघडी पडलेली माती मृगाच्या सरींबरोबर ओढ्यांत जाते.

अशा आगीवर आगीचाच उपाय करतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस आर्नहेम लँड येथील मूळ रहिवासी कोरड्या ऋतूच्या आरंभींच गवताळ रान थोडें थोडें जाळीत आले आहेत. तेव्हां गवतांत ओल असते व रात्रीं दंव पडतें. म्हणून आग ठेंगणी राहते, पुष्कळदां आपोआप विझते आणि मधले पट्टे प्राण्यांच्या आश्रयास उरतात. पुढें उन्हाळी वणवा आला, तर त्यास खाद्य मिळत नाहीं. २००६ पासून पश्चिम आर्नहेम लँडमध्यें हें काम मोठ्या प्रमाणावर चालू झालें. गवतांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या वर्षींचें गवत बहुतांशीं परत घेतें. पण मिथेन व नायट्रस ऑक्साइड हवेंत राहून पृथ्वीची उष्णता वाढवितात. मोठे वणवे कमी झाले, म्हणजे हे वायुही कमी होतात.

मग आपणही कार्तिकांत डोंगर पेटवावे काय? मुळींच नाहीं. तेथें विरळ झाडांचें विस्तीर्ण माळरान आहे; येथें १९८६ सालीं अभयारण्य झालेल्या फणसाडसारखें दाट जंगल आहे, आणि पायथ्याशीं वाड्या व आंबराया आहेत. आपल्याकडे त्याच तत्त्वाचा लहान प्रयोग म्हणजे जाळरेषा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. त्यापूर्वीं वनखातें ठराविक पट्ट्यांतील गवत कापून देखरेखीखालीं जाळतें, म्हणजे पुढें आलेली आग तेथें अडते. हें काम जाणत्यांचें आहे. राखीव वनास आग लावणें १९२७ च्या वन कायद्यान्वयें गुन्हा आहे.

पालकांस आमची विनंति कीं, राब भाजण्यापूर्वीं भोंवतालचा पाचोळा झाडून काढावा, वारा नसतां सकाळींच भाजावें, व निखारे विझेपर्यंत जागा सोडूं नये. विद्यार्थ्यांनीं धूर दिसतांच गांवांत व वनरक्षकास कळवावें. एवढें झालें तरी पुढच्या शिमग्यास डोंगरावरची ती माळ पुष्कळ आंखूड दिसेल.