पत्र कुठून आलं, कधी आलं?

आजचे वाचन : १ थेस्सलनीकाकरांस ३:१-८



आजचा भाग मी सकाळी उमरोळी स्टेशनवर गाडीची वाट बघत वाचला. थेस्सलनीकाच्या नव्या मंडळीची पौलाला इतकी काळजी लागली की, स्वतः अथेनैत एकटा राहून त्याने तीमथ्याला तिकडे पाठवलं. हे पत्र त्याने कुठे बसून लिहिलं असेल?

काही जुन्या बायबलांत पत्राखाली ‘अथेनैहून लिहिले’ अशी टीप असायची. ती पौलाची नाही, नंतरच्या नक्कल करणाऱ्यांची. वचन ६ नीट वाचा. तीमथ्य परत आलाय, चांगली बातमी घेऊन. आता कृत्ये १८:५ उघडा. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले तेव्हा पौल करिंथात होता. म्हणजे पत्र करिंथहून गेलं.

आणि कधी? कृत्ये १८:१२ मध्ये गल्लियो या रोमी अधिकाऱ्याचं नाव आहे. ग्रीसमध्ये डेल्फी इथे एक कोरीव लेख सापडला. त्यात सम्राट क्लौद्य गल्लियोचा उल्लेख करतो. त्यावरून गल्लियोचा कार्यकाळ साधारण इ. स. ५१-५२ ठरतो. पौल करिंथात दीड वर्ष होता आणि हे पत्र त्याच्या मुक्कामाच्या सुरुवातीचं. म्हणून बहुतेक अभ्यासक इ. स. ५० किंवा ५१ म्हणतात.

असंच एक कोडं आपल्या किनाऱ्यावरही आहे. उमरोळीहून विरार, पुढे नालासोपारा. तेच जुनं सोपारा बंदर. १३२१ साली फ्रायर जॉर्डानस नावाचे दोमिनिकन धर्मबंधू या भागात होते. त्यांचे चार फ्रान्सिस्कन सोबती थॉमस, जेम्स, पीटर आणि डिमिट्रियस ठाण्यात हुतात्मे झाले. जॉर्डानस त्या वेळी तिथे नव्हते, म्हणून वाचले. नंतर त्यांनी सोबत्यांचे देह सोपाऱ्यात पुरले आणि परदेशातल्या धर्मबंधूंना पत्रं लिहिली.

सोबती कधी गेले? पत्रात दिवस आहे तो असा : झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा गुरुवार. १३२१ मध्ये ईस्टर १९ एप्रिलला होता. झावळ्यांचा रविवार १२ ला. म्हणजे गुरुवार ९ एप्रिल.

दुसरं पत्र ठाण्याहून, जानेवारी १३२३ चं. पण त्या काळी युरोपात अनेक ठिकाणी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. तसं धरलं तर त्यांचा जानेवारी १३२३ म्हणजे आपला जानेवारी १३२४. मग कोणतं साल खरं? पत्रातच खूण आहे. सोबती गेल्यापासून आपण अडीच वर्षं या देशात फिरतोय, असं ते लिहितात. एप्रिल १३२१ पासून अडीच वर्षं मोजा, ऑक्टोबर १३२३ येतो. जानेवारी १३२३ पर्यंत दोन वर्षंही भरत नाहीत. म्हणजे १३२४.

हा हिशेब करताना मी थांबलो. अडीच वर्षं हा आकडा आपल्याला तारीख देतो, पण लिहिणाऱ्यासाठी तो एकटेपणाचा काळ होता. पौलाचंही तसंच. अथेनैतला एकटेपणा आणि मग तीमथ्याची पावलं. हे कळलं की वचन ८ वेगळंच ऐकू येतं. तुम्ही टिकून आहात म्हणून आमच्यात जीव आला, हे तो शोभेसाठी लिहीत नाही. तो सुटकेचा श्वास आहे.

आता माझी चूक सांगतो. नोकरीसाठी मी इकडे आलो. मागच्या महिन्यात गावाकडच्या आमच्या तरुण संघातल्या एका मुलाचा मेसेज आला, “दादा, वेळ आहे का?” मी गर्दीत होतो. चार दिवसांनी हात जोडलेला इमोजी टाकला. परवा तो मेसेज पुन्हा पाहिला, तेव्हा वेळ दिसली : रात्री २ वाजून १० मिनिटं. हॉस्टेलच्या खोलीतून. शब्द मी वाचले होते. कुठून आणि कधी आले, ते बघितलंच नव्हतं. लगेच फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग बोलायला लागला. रविवारी भेटायला जातोय.

या आठवड्यात कोणतंही पत्र वाचताना वहीत तीन गोष्टी लिहा : लिहिणारा कुठे आहे, सोबत कोण आहे, नुकतंच काय घडलंय. १ करिंथ १६:८ पासून सुरुवात करा, तिथे गावही आहे आणि सणही. आणि मग फोनमधला एखादा राहिलेला मेसेजही तसाच वाचा.

प्रार्थना : प्रभू, तुझं वचन खऱ्या माणसांच्या हातून, खऱ्या गावांतून आमच्यापर्यंत आलं. आम्हाला शब्दांमागचा माणूस दिसू दे. कुणाचा तीमथ्य व्हायचं असेल, तर आज उठून जाण्याची बुद्धी दे. आमेन.