रोपाला वीज कळते का?

लाजाळूचे झाड आपण सर्वांनी पाहिले आहे. बांधावर, ओढ्याच्या कडेला ते आपोआप उगवते. बोट लावले की पाने मिटतात. मुलांना तर तो खेळच होतो. पण एक गोष्ट पाहा. बोट लागते एका पानाला, आणि मिटतात पुढची कितीतरी पाने. मग ही बातमी पुढच्या पानांना कोण सांगतं? झाडाला तर आपल्यासारख्या नसा नाहीत.

ही बातमी नेण्याचे काम बरेचसे वीज करते. ऐकून नवल वाटेल, पण हे खरे आहे. वीज म्हटली की आपल्याला खांब, तार आणि दिवा आठवतो. पण अगदी थोडी वीज प्रत्येक सजीवात असते. तुमच्या-आमच्या अंगात असते. ज्वारीच्या ताटातही असते.

पेशी आणि तिची वीज

घर जसे विटांचे, तसे रोप पेशींचे. कांद्याच्या पाकळीवर पातळ पापुद्रा असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर भिंतीतल्या विटांसारखे खण दिसतात. एकेक खण म्हणजे एकेक पेशी.

प्रत्येक पेशीला फार पातळ पडदा असतो. पडद्याच्या आत पाणी, बाहेरही पाणी. त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. त्या क्षारांच्या कणांवर विजेचा भार असतो. पडद्याला बारीक बारीक दारे असतात. दारे उघडली की काही कण आत येतात, काही बाहेर जातात. त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या विजेत फरक राहतो. हा फरक किती? बॅटरीचा एक सेल दीड व्होल्टचा असतो. पेशीचा फरक त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा.

लाजाळूला बोट लागले की ही दारे उघडतात. विजेचा फरक क्षणभर बदलतो. विहिरीवर घागर हातोहात पुढे जाते, तसा हा बदल एका पेशीकडून दुसरीकडे जातो. पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. बातमी तिथे पोचली की सांध्यातल्या काही पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर पडते. सांधा ढिला होतो आणि पान मिटते.

क्षेत्र म्हणजे काय?

लोहचुंबक सुईजवळ न्या. न शिवताच सुई ओढली जाते. चुंबकाची ओढ जिथवर पोचते, त्या जागेला त्याचे 'क्षेत्र' म्हणतात. विजेचेही असेच क्षेत्र असते. प्लॅस्टिकची फणी कोरड्या केसांवर घासा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरा. कपटे टुणकन उडून फणीला चिकटतात.

तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती विजेचे आणि चुंबकाचे, अशी दोन्ही क्षेत्रे असतात. रेडिओच्या आणि मोबाईलच्या लहरी म्हणजे याच दोन क्षेत्रांची हवेतून धावणारी जोडी होय.

पृथ्वीसुद्धा एक चुंबकच आहे. तिचे क्षेत्र क्षीण आहे, म्हणजे फार कमी जोराचे आहे. होकायंत्राची सुई त्यामुळेच उत्तर-दक्षिण राहते. म्हणजे आपले प्रत्येक पीक पेरणीपासून काढणीपर्यंत अशा क्षीण क्षेत्रातच वाढते.

आता प्रश्न असा, की बाहेरचे क्षीण क्षेत्र पेशीतल्या विजेला जाणवते का?

शास्त्रज्ञांनी काय पाहिले?

आपल्या देशात या प्रश्नाचा पाठपुरावा जगदीशचंद्र बोस यांनी केला. त्यांचा जन्म १८५८ सालचा, बंगालमधला. १८९५ साली त्यांनी कलकत्त्यात तारेवाचून लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली. पुढे ते वनस्पतींकडे वळले. रोपाची न दिसणारी वाढ हजारो पट मोठी करून दाखवणारे यंत्र त्यांनी तयार केले. बिनतारी लहरींनी रोपावर काय होते, यावर त्यांनी १९१९ साली लेख लिहिला. हलक्या लहरींनी वाढ थोडी वेगाने होते आणि जोरदार लहरींनी मंदावते, असे त्यांना दिसले होते.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी फ्रान्स देशात टोमॅटोच्या रोपांवर प्रयोग झाले. रोपे बंद खोलीत ठेवली आणि मोबाईलला वापरतात तसल्या क्षीण लहरी त्यांच्यावर दहा मिनिटे सोडल्या. थोड्याच वेळात रोपांत बदल दिसला. पान चुरगळले तर रोप आतून जशी तयारी करते, तशीच तयारी पेशींनी सुरू केली. २००७ साली याच लोकांनी लहरी एकाच पानाला लागू दिल्या आणि बाकीचे रोप झाकून ठेवले. तरीही बातमी झाकलेल्या पानांपर्यंत गेली. २००८ साली आणखी एक गोष्ट कळली. या कामाला कॅल्शियम लागते. आपल्या चुन्यात असते तेच हे कॅल्शियम. ते मिळेनासे केले, तर रोप गप्प राहते.

म्हणजे रोपाला क्षीण क्षेत्र कळू शकते. पण इथे एक खबरदारी घ्यायला हवी.

२००७ साली मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपावर दुसरा प्रयोग झाला. पृथ्वीच्या क्षेत्राहून सुमारे दहापट जोराच्या चुंबकक्षेत्रात रोपाच्या वाढीत फरक पडतो, असे तो प्रयोग करणाऱ्यांनी सांगितले. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले. त्यांना फरक दिसलाच नाही. हे त्यांनी २००९ साली छापून जाहीर केले. यात भांडणाचे काही कारण नाही. एकाने सांगितलेले दुसऱ्याने पडताळून पाहावे, हीच शास्त्राची रीत आहे.

मग पीक वाढते का?

रोपाला कळणे वेगळे आणि पोते भरणे वेगळे.

इंग्लंडमध्ये १९१८ साली सरकारने एक समिती नेमली. पिकावर तारा बांधून वीज सोडली तर धान्य जास्त येते का, हे तिने वर्षानुवर्षे तपासले. एखाद्या वर्षी पीक वाढल्यासारखे दिसे, तर दुसऱ्या वर्षी काहीच फरक नसे. भरवसा ठेवावा असे काही हाती लागले नाही. शेवटी १९३६ साली ते काम थांबले.

हे आम्ही का सांगतो? बाजारात कधी चुंबक येतो, कधी तांब्याची तार, कधी विजेची पेटी. विकणारा म्हणतो, "हे लावा आणि दुप्पट पीक घ्या." तो टोमॅटोच्या प्रयोगाचे नावही घेईल. पण त्या प्रयोगात रोपाला लहर जाणवली, एवढेच दिसले. टोमॅटो जास्त लागले, असे त्यात म्हटलेले नाही.

उलट बाजूही तशीच आहे. कुणी म्हणेल, "टॉवर उभा राहिला आणि आमची बाग बसली." पण त्याच वर्षी पाऊस कमी पडला असेल, कीड आली असेल. टॉवरला नुसता दोष देऊन थांबलो, तर कीड तशीच राहील.

स्वतः पारखून घ्या

कर्ज काढून वस्तू घेण्याआधी ती पारखावी. एकाच रानात आठ सारखे वाफे पाडा. बी एक, खत एक, पाणी एक. चिठ्ठ्या टाकून चार वाफे निवडा. तेवढ्यांनाच ती वस्तू लावा. मापाला असा माणूस बसवा, की ज्याला कोणते वाफे कोणते हे माहीत नाही. आठही वाफ्यांचे पीक वेगवेगळे मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात हेच पुन्हा करा. दोन्ही वेळा त्या चार वाफ्यांनी चांगला फरक दाखवला, तर मग पैशाचा विचार करा. विकणारा एवढे करू देत नसेल, तर त्याला नमस्कार करून वाटेला लावा.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. क्षीण क्षेत्र वेगळे आणि चालू तार वेगळी. पिकाला वीज द्यावी म्हणून किंवा रानडुक्कर अडवावे म्हणून खांबावरची वीज शेतातल्या तारेत सोडू नका. त्या तारेने माणूस मरतो. ती कायद्यालाही मान्य नाही.

आता तुम्हाला लिहिता येते, आकडे मांडता येतात. मग तुमच्या शेताचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकायचा?

विचार करा आणि लिहा

१. लाजाळूच्या एका पानाची बातमी दुसऱ्या पानाकडे कशी जाते?
२. टोमॅटोच्या प्रयोगात काय दिसले? काय दिसले नाही?
३. वाफे निवडताना चिठ्ठ्या का टाकायच्या?