घरच्या संगणकात नवी डिस्क बसविताना

घरातील संगणक सुरू करून पडद्यावर काही उमटेपर्यंत चहाचा पेला रिकामा होतो, अशी तक्रार आमच्या कानी वारंवार येते. विद्यार्थी ती वर्गात करतात, पालक सभेच्या दिवशी करतात, आणि पुष्कळदा तिचा शेवट ‘आता नवाच घ्यावा लागणार’ ह्या वाक्याने होतो. आमच्या मते अशा कित्येक घरांत नव्या संगणकाची गरज नसते. बाकीचे भाग धडधाकट असतात. थकलेली असते ती एकटी हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी बसविली तर तोच जुना संगणक पुष्कळ चपळ होतो, आणि हे काम एक पेचकस व एक मोकळी दुपार एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी करता येते. ते कसे करावयाचे, कोठे अडते आणि अडल्यावर काय करू नये, हे येथे सांगावयाचे आहे. ह्यांपैकी शेवटचा भाग आम्ही स्वतः चुकून शिकलो आहोत, तोही सांगू.

हार्ड डिस्कच्या पेटीत चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. घरगुती संगणकात त्या सामान्यतः मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात, आणि त्यांच्यावरून एक बारीक शीर्ष काही नॅनोमीटर अंतर राखून सरकत असते. आपल्या डोक्यावरील केसाची जाडी ह्या अंतराच्या हजारो पट असते. आयबीएम कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या. कपाटाएवढ्या त्या यंत्रात मावत असत अवघी ५० लाख अक्षरे. आज साध्या घरात आढळणारी ५०० जीबीची डिस्क तिच्या एक लाख पट माहिती तळहाताएवढ्या पेटीत ठेवते. एवढी प्रगती होऊनही तबकडी फिरण्याचे आणि शीर्ष सरकण्याचे काही टळलेले नाही. हवा तो तुकडा शीर्षाखाली येण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. ऐकावयास हे थोडे वाटते. पण संगणक सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेले असे हजारो तुकडे वाचावे लागतात, आणि चहाचा पेला रिकामा होतो तो तेथे. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. विजेचा भार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म कप्प्यांत माहिती साठविलेली असते, व कोणत्याही कप्प्यापाशी पोहोचण्यास जवळजवळ सारखाच अत्यल्प वेळ लागतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टेबलावरील संगणक बंद करून त्याची तार भिंतीपासून काढावी, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे म्हणजे आत साचलेली वीज निघून जाते, आणि पेटीच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू शकतात. आमच्या गोव्याच्या दमट हवेत ही भीती कोरड्या प्रदेशापेक्षा कमी, तरी सवय चांगली. ज्या पेटीतून सर्व भागांना वीज मिळते, दुकानदार जिला एसएमपीएस म्हणतात, ती मात्र कोणत्याही कारणास्तव उघडू नये. तार काढल्यावरही तिच्या आत धोकादायक वीज राहू शकते.

डिस्कला दोन जोडण्या लागतात. अरुंद, सात संपर्कांची जोडणी माहितीची. ती मदरबोर्डाकडे जाते. रुंद, पंधरा संपर्कांची ती विजेची. ती एसएमपीएसकडून येते. दोहोंच्या तोंडाशी काटकोनी खाच असल्यामुळे त्या उलट बसत नाहीत. बसत नसेल तर जोर लावू नये, फिरवून पाहावे. लहान आकाराच्या एसएसडीसाठी दुकानात पत्र्याची चौकट मिळते. ती नसली तरी एसएसडीत हलणारे काही नसल्याने तात्पुरती ती व्यवस्थित टेकवून ठेवली तरी चालते. हार्ड डिस्कला ही सवलत नाही. अलीकडच्या संगणकांत च्युइंगमच्या कांडीसारखी चपटी एसएसडीही बसते. तिला एम-टू म्हणतात. तिरकी घालून, हलकेच खाली दाबून, एका बारीक स्क्रूने ती पक्की करावयाची असते. ह्या आकारात आतून भिन्न अशा दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. आपला मदरबोर्ड कोणती जात ओळखतो ते त्याच्या पुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी.

डिस्क बसविली, संगणक सुरू केला, आणि नव्या डिस्कचा कोठे पत्ताच नाही, हा अनुभव इतक्या जणांना येतो की तो कामाचाच एक भाग समजावा. अशा वेळी घाबरून दुकान गाठण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : डिस्क संगणकाला दिसत नाही, की फक्त विंडोजला? संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबली की बायॉस नावाचा मूळ पडदा उघडतो. तेथील यादीत डिस्कचे नाव नसेल तर दोष बहुधा जोडणीत असतो. तारा काढून पुन्हा घट्ट बसवाव्या, दुसरी तार लावून पाहावी, मदरबोर्डावरील दुसरी खाच वापरून पाहावी. आमच्याकडच्या पावसाळ्यात जुन्या तारांच्या टोकांवर हिरवट थर चढतो, तोही तपासावा. दहा रुपयांच्या भानगडीपायी हजारांची डिस्क परत करणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

बायॉसमध्ये नाव आहे पण विंडोजमध्ये नाही, असे असेल तर डिस्क निर्दोष असण्याचा संभव अधिक. कोरी डिस्क ही न आखलेल्या वहीसारखी असते. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट ह्या पडद्यावर तिची आखणी करावी लागते. तेथे एमबीआर व जीपीटी असे दोन पर्याय पुढे येतात. नव्या संगणकासाठी जीपीटी निवडावा. एमबीआरच्या पद्धतीत सामान्यतः सुमारे २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. आखणी झाल्यावर ५०० जीबीच्या डिस्कवर ४६५ हाच आकडा दिसला तर फसवणूक झाली असे मानू नये. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीने. जागा तेवढीच असते.

आखणीची सूचना देणारा हाच पडदा आणि ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ हा प्रश्न, बिघडलेल्या जुन्या डिस्कच्या वेळीही तसाच्या तसा पुढे येतो. नव्या डिस्कसाठी ‘होय’ हे योग्य उत्तर. जुन्या, माहितीने भरलेल्या डिस्कसाठी तेच उत्तर घातक. आतले काय मोलाचे आहे हे संगणकाला ठाऊक नसते. आपली भरलेली डिस्क एकाएकी ‘कोरी’ दिसू लागली तर काहीही न दाबता संगणक बंद करावा आणि जाणत्या माणसाकडे जावे. डिस्कमधून टक्‌टक्‌ असा ठोक्यांचा आवाज येत असेल तर ती पुन्हा चालू करून पाहण्याचाही मोह नको, कारण प्रत्येक फेऱ्यागणिक शीर्ष तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते. तिचे झाकण घरी उघडणे तर वर्ज्यच.

आता आमची चूक. २०२१ सालच्या चवथीच्या सुट्टीत आम्ही आमच्याच संगणकात एसएसडी बसविण्यास घेतली. जुनी डिस्क ५०० जीबीची, नवीही तेवढीच. जुन्या डिस्कवर आमच्या आजीच्या आवाजातील त्रेचाळीस कोंकणी ओव्या होत्या. २०१२ साली, ती चालतीबोलती असताना, सवड मिळेल तशा ध्वनिमुद्रित केलेल्या. दुसरी प्रत करावी असे नऊ वर्षे मनात होते.

नवी डिस्क आरंभी दिसेना. वर सांगितल्याप्रमाणे तारा काढल्या, खाचा बदलून पाहिल्या, आणि ती दिसू लागली. लगेच तिची आखणीही करून टाकली. नंतर जुनीची जशीच्या तशी नक्कल नवीवर उतरविण्यासाठी पेनड्राइव्हवरून नकलेचा प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर दोन डिस्का, शून्य आणि एक, दोहोंपुढे ४६५. सकाळी पाहिले तेव्हा शून्य क्रमांक जुनीचा होता. खाचा बदलताना तो क्रमांकही बदलला असेल, हे ध्यानी आले नाही. ‘कोठून’ ह्यापुढे शून्य, ‘कोठे’ ह्यापुढे एक निवडून, इशारा न वाचता ‘होय’ दाबले आणि जेवावयास गेलो. वीस मिनिटांनी परत येऊन पाहतो तो ‘कोठून’ च्या ओळीत नव्या डिस्कच्या कंपनीचे नाव. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरत होती.

तेवढ्यावर थांबविले. सेकंदाला सुमारे १०० एमबी ह्या वेगाने वीस मिनिटांत १२० जीबी पुसले गेले होते; उरलेल्या भागाला अद्याप धक्का लागला नव्हता, पण त्याची अनुक्रमणिका नष्ट झाली होती. ग्रंथालयातील पुस्तके शाबूत असावीत आणि नोंदवही जळावी, तशी ही अवस्था. एक गोष्ट सुदैवाची : पुसली जात होती ती जुन्या धर्तीची हार्ड डिस्क. एसएसडीला एखादी जागा मोकळी झाल्याचे कळले की ती आपणहून ती साफ करून ठेवते, आणि मग शोधण्यास काही उरत नाही. आम्ही एक तिसरी डिस्क आणली, पुसलेली डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडली, आणि हरवलेल्या फायली त्यांच्या आरंभीच्या खुणांवरून शोधून काढणारा प्रोग्रॅम रात्रभर चालविला. सापडलेले सारे तिसऱ्या डिस्कवर उतरविले. त्याच डिस्कवर परत लिहिले असते तर उरलेलेही गेले असते.

सापडलेल्या फायलींना नावे नव्हती, नुसते आकडे. त्यांत मुलांची गाणी, बातम्यांचे तुकडे, कोणा दुकानाची जाहिरात, सगळेच मिसळलेले. एकेक उघडून ऐकावे लागले. आजीची मुद्रणे मात्र चटकन ओळखू येत, कारण गाण्यापूर्वी ती दर वेळी ‘सुरू जालें?’ असे विचारीत असे. चवथीच्या उरलेल्या सुट्टीत एकोणतीस ओव्या हाती लागल्या.

तेव्हापासून आमच्या घरी काही नियम पाळले जातात. नक्कल करण्यापूर्वी दोन्ही डिस्कांवरील कंपनीचे नाव व क्रमांक कागदावर उतरवून घेतो आणि पडद्याशी ताडून पाहतो. शून्य-एक ह्यांवर विसंबत नाही. दोन्ही डिस्का सारख्याच आकाराच्या घेत नाही. नक्कल पुरी झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवून केवळ नवीवर संगणक सुरू होतो की नाही ते पाहतो. दोन्ही जोडलेल्या असल्या तर संगणक मुकाट्याने जुनीवरच चालतो आणि आपण उगाच समाधानी राहतो. जुनी डिस्क निदान दोन महिने कपाटात राहते, आणि तिच्यावर कागदाची पट्टी चिकटविलेली असते : ‘जुनी. पुसू नये.’ ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत : एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक बेळगावास आमच्या मावसबहिणीकडे, घराला पाणी लागले किंवा वीज पडली तर दोन प्रती एकाच कपाटात असून उपयोग नाही.

न मिळालेल्या चौदा ओव्यांपैकी चार आमच्या आत्याला पाठ होत्या. त्या तिने म्हणून दाखविल्या, आणि आम्ही लिहूनही घेतल्या, ध्वनिमुद्रितही केल्या. बाकीच्या दहांपैकी दोहोंची पहिली ओळ तेवढी तिला आठवते.