नखुरडं लपवू नका

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना वॉर्डात उभं करायचं काम मी बरीच वर्षं केलं. पेण, रोहा आणि आसपासच्या गावांतल्या या मुली. बऱ्याच जणी दिवा-रोहा गाडीच्या गर्दीत दांडी धरून, घरूनच युनिफॉर्म घालून येतात. हमरापूर-जोह्याकडच्या काहींच्या घरी गणपतीचा कारखाना असतो. हंगामात रात्री घरच्यांना हातभार लावलेला, त्यामुळे सकाळी नखांत रंग तसाच. कष्टाळू पोरी. अंगावर दुखणं काढतात आणि बोलत नाहीत, याचीच मला काळजी वाटते.

त्यांतल्या एकीच्या तर्जनीला नखुरडं झालं होतं. नखाची कड लाल, सुजलेली, कोपऱ्यात पिवळा ठिपका. सुट्टी घेतली तर हजेरी कमी भरेल, परीक्षेला बसू देणार नाहीत, या धास्तीने तिने बोटाला पट्टी गुंडाळली आणि कोणालाच सांगितलं नाही. सिझेरियन झालेल्या एका बाळंतिणीचं ड्रेसिंग तिच्याकडे आलं. ग्लोव्हज घातले होते. पण मध्येच मोबाईल वाजला. त्याच ग्लोव्हजनी तिने तो खिशातून काढून बंद केला आणि पुन्हा चिमटा उचलला. पुढे त्या बाईच्या टाक्यांतून पू आला. तपासणीत निघाला स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो या मुलीच्या बोटावरूनच गेला, असं कोणी सिद्ध केलं नाही. पण बाळ कुशीत घेताना ती बाई कशी कळवळायची, ते मी पाहिलं आहे.

हा जंतू साधारण दर दहा निरोगी माणसांपैकी तिघांच्या नाकात असतो. ना ताप, ना सर्दी. म्हणून ‘मी ठणठणीत आहे, रोज आंघोळ करते’ या उत्तराला वॉर्डात अर्थ नाही. नकळत हात नाकाला लागतो, तिथून रुग्णाला. उलटंही होतं: नेहमीच्या औषधांना दाद न देणारी त्याची जात, एमआरएसए, वॉर्डातून शिकाऊ मुलीच्या नाकात मुक्कामाला येते आणि तिच्यासोबत घरी जाते.

शिकाऊ हातांचा हा धोका जुनाच आहे. 1847 साली व्हिएन्नात शिकाऊ डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायचे. डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या 18 बाळंतिणी दगावत होत्या, जूनपर्यंत हा आकडा दोनच्या आसपास आला.

म्हणून मुलींनो, अंगठी, बांगड्या, मनगटावरचा दोरा वॉर्डाबाहेर ठेवा. नखं कापा. युनिफॉर्म रुग्णालयात येऊन बदला, मोबाईल कपाटात ठेवा. साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद द्या, सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळा. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहून जातात, तिथे लक्ष द्या. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर तर धुवायचेच, पण नुसता खाटेचा कठडा धरला तरी धुवा. ग्लोव्हज घालण्याआधी आणि काढल्यावरही धुवा. सिनियर सिस्टर धुवत नसतील तरी तुम्ही धुवा.

नाकात जंतू सापडला म्हणून कोणा मुलीला वाळीत टाकू नका. तो तिचा दोष नाही. डॉक्टरांना गरज वाटली तर ते नाकात लावायचं मलम देतात.

प्राचार्यांना आणि ट्यूटरांना माझी कळकळीची विनंती आहे. नखुरडं, गळू, जुलाब असं काही असेल तर मुलीने न घाबरता सांगावं, असं वातावरण ठेवा. तिला बरं वाटेपर्यंत रजिस्टरचं काम द्या किंवा घरी विश्रांती घेऊ द्या, पण तिची हजेरी कापू नका. पहिल्या पोस्टिंगच्या आधीच हे नियमांत लिहून मुलींना वाचून दाखवा.